पाळणाघरातले चार स्वच्छ चौकोन

घरादारातल्या धुळीत विषारी शिसं किती आहे हे मोजणाऱ्या खात्यात तपासनीस एकोणीस वर्षं नोकरीला होते आणि आजवर त्यांना शिसं कुठेच सापडलं नव्हतं. यात त्यांचा काही दोष नव्हता. नियमच तसा होता. तपासणीच्या आठ दिवस आधी जागेवर जायचं, फूटभर लांब-रुंद असे चार चौकोन पांढऱ्या चिकटपट्टीने जमिनीवर आखायचे आणि आठव्या दिवशी येऊन ओल्या फडक्याने नेमके तेवढेच पुसून फडकं प्रयोगशाळेत पाठवायचं. मधल्या आठ दिवसांचं प्रयोजन नियमात दिलेलं नव्हतं, पण ते सगळ्यांना कळत होतं.

या खेपेला मात्र मामला घरचा होता. तपासनिसांच्या तीन वर्षांच्या नातीच्या रक्तात शिसं निघालं. डॉक्टर म्हणाले, धुळीतून जातंय, आधी ती थांबवा. घर तर सूनबाई दिवसातून दोनदा पुसायची. उरलं पाळणाघर. तिथल्या खिडक्यांचा जुना रंग पोपडे धरून गळत होता. खोली बंद करून तो रंग खरवडायलाच लावायचा, असं तपासनिसांनी मनाशी पक्कं केलं.

नियमाप्रमाणे तिथे पट्ट्या लावून आठव्या दिवशी ते परत पोचले, तेव्हा चारही चौकोन इतके लख्ख होते की फरशी मुळात पिवळी आहे हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

"आणि बाकीची खोली?" त्यांनी झाडलोट करणाऱ्या मावशींना विचारलं.

"ती कशाला? पट्टी तुम्ही इथेच लावलीत ना?"

तपासनिसांनी आयुष्यात प्रथमच नियम मोडला आणि खिडकीखाली फडकं फिरवलं. अहवाल आला: चौकोनात शून्य, खिडकीखाली मर्यादेच्या तीसपट. तो घेऊन ते थेट साहेबांकडे गेले.

साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. "ही धूळ तुम्ही कुणाच्या परवानगीने उचललीत?"

"साहेब, मुलं त्यात लोळतात हो!"

"लोळत असतील. पण मंजूर जागेबाहेरची धूळ कार्यालयाच्या दृष्टीने पडलेलीच नाही." मग साहेबांचंही मन द्रवलं, कारण नातवंडं त्यांनाही होती. "असं करू, मुलांना सुरक्षित जागी बसवायचा आदेश काढतो. सुरक्षित सिद्ध झालेल्या जागा किती?"

"चार," तपासनीस म्हणाले.

"मग झालं तर!"

आदेश निघाला. मुलं साठ आणि चौकोन चार. एका चौकोनात एक मूल मांडी घालून मावतं, हात पसरले नाहीत तर. पालकांच्या सभेत गदारोळ माजला. "आमच्या मुलाने काय पाप केलंय?" एक आई तावातावाने उठली. कुणीतरी बोललं एकदाचं, म्हणून तपासनिसांना हायसं वाटलं. "त्याला चौकोन का नाही?" आई म्हणाली, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

वाटपाचे निकष ठरले. दोन चौकोन गुणवत्तेवर, म्हणजे दोन तास न हलता बसून दाखवणाऱ्या मुलांना. एक सोडतीने. चौथा खात्यातल्या कर्मचाऱ्यांसाठी राखीव. पाळणाघराच्या संचालिकाबाईंनी तपासनिसांना आत बोलावून कागद पुढे सरकवला.

"चौथ्यात तुमच्या नातीचं नाव घातलंय. फक्त ते खिडकीखालचं प्रकरण मिटलं, एवढी सही हवी."

तपासनिसांनी कागद जवळ ओढला. त्यांना लाज वाटली, खरोखर वाटली. मग रक्ताचा अहवाल हातात धरून बसलेली सून डोळ्यांसमोर आली आणि त्यांनी सही केली. सही नेहमीसारखीच सुवाच्य आली.

नात आता चौकोनात बसते. उरलेल्या छप्पन्न मुलांसाठी प्रतीक्षा यादी उघडली आहे आणि अर्जासाठी पालकांची रांग फाटकाबाहेर पार रस्त्यापर्यंत गेली आहे. खिडकी खरवडायचं कुणी नाव काढत नाही. काढणाऱ्याचा अर्ज तळाशी जातो, अशी बोलवा आहे. तपासनिसांचा तुम्हाला संताप येत असेल, आणि तो रास्तच आहे. जाऊन चार शब्द जरूर सुनवा. फक्त तेवढ्यासाठी रांग सोडू नका, मागचा लगेच पुढे सरकतो.