बदल कुणी केला?

आमच्या शेजारच्या नामदेवआबांना आमटीत चिंच कमी लागली, तर ते "आमटी बिघडली" असं म्हणत नाहीत. डबा परत देताना विचारतात, "सूनबाई, आज बदल हाय. कुणी केला? का केला? मागं फिरवता येतो का?" आता सासूबाईंचा हात आखडला, त्याचं कारण मी काय लिहून देऊ? तर म्हणतात, "द्या की लिहून."

हे खूळ शिरलं विहिरीच्या मोटारीपायी. वडगाव रासाईत आमची आणि त्यांची रानं लागून. आबा कोरेगाव भीमाला एका कारखान्यात माल तपासायला होते. जन्मभर दुसऱ्याच्या कामात खोट काढून रिटायर झाले. घरी आल्यावर मोबाइलवरून मोटार चालू-बंद करायचं यंत्र बसवलं. त्यातला प्रोग्राम फुकटचा. एका सकाळी चालूचं बटण उजवीकडून डावीकडं गेलं, आबांनी सवयीनं उजवीकडं दाबलं आणि कांदा कोरडाच राहिला. "कोण त्यो शहाणा" म्हणून ते शोधायला लागले, तर शहाणा सापडला की! जगभरची मंडळी असे प्रोग्राम फुकटात लिहितात आणि कुणी काय बदललं, कधी, कशासाठी, ते नावानिशी उघड्यावर ठेवतात. कुणीही जाऊन बघावं, आणि बदल नको झाला तर तो मागंही फिरवता येतो. त्या जागेला रेपो म्हणतात. आबा बघतच राहिले. सगळा जन्म गावात आणि कारखान्यात गेला, पण 'हे कुणी केलं' याचं उत्तर त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं.

तेव्हापासून चहाच्या आधी रेपो. इंग्रजी कामापुरतं येतं, उरलेलं फोन मराठी करून देतो. तिथल्या लोकांची नावं जिभेवर बसेनात, म्हणून आबांनी त्यांचं बारसंच केलं. ज्यानं प्रोग्राम लिहिला तो बाबूराव. सगळ्यांच्या कामावर शेरे मारते ती भागामावशी. "बाबूरावनं काल बदल केला आन् लगीच मागं फिरवला. घरात काय तरी बिनसलंय." बाबूराव कुठल्या मुलखातला, पत्ता नाही, आणि त्याच्या घरातलं यांना ठाऊक.

ग्रामसभेतही तेच. सरपंचांच्या दारापुढचा गतिरोधक एकदा आबांच्या दारापुढं आला. आबा उभे राहिले. "बदल कुणी केला? कारण कुठं लिवलंय? दुसऱ्या कुणी तपासला का?" सरपंच म्हणाले, "आबा, विकास हाय त्यो. बसा खाली." गावचा कारभार असा नावानिशी उघड्यावर मांडला, तर निम्म्या लोकांना गाव सोडावं लागेल, हे आबांना कोण सांगणार?

काकी, म्हणजे आबांची बायको, गेल्यापासून त्यांचा डबा आमच्याकडून जातो. इथंच बसा, गरम वाढते, असं मी किती वेळा म्हटलं. "नगं. मला एकट्यालाच गोड लागतं," म्हणतात आणि डबा घेऊन आपल्या ओट्यावर जातात. मला ते कधीच खरं वाटलं नाही.

मग बाबूराव गप झाला. आठवडे गेले, एक बदल नाही. आबांचा चेहरा उतरला. रेपोत तक्रारी टाकायची जागा असते, तिथं नुसता गलका. बटण चालत नाही, दुरुस्त कधी करणार? एकानं तर विचारलं होतं, हे काम मेलं का?

आबा भडकले. "काम मेलं का म्हणून इचारतेत. माणूस बरा हाय का, ते कुणी इचारंना." आणि तिथंच मराठीत लिहिलं, "बाबूराव, तब्येत बरी हाय का? येळंवर जेवता का? बटणाचं ऱ्हाऊ द्या."

"आबा, ती तक्रारीची जागा आहे," मी म्हटलं.

"मग तक्रारच हाय की ही. माणूस दिसंना."

भागामावशीनं 'प्रोग्रामशी संबंध नाही' असा शेरा मारून तक्रार बंद केली. आबांनी दुसरी टाकली. तिनं तीही बंद केली. आबांनी आणखी एक टाकली. सासूबाई म्हणाल्या, "भांडायला बाई हुडकली, ती पण परदेशात."

एका दुपारी आबा आले आणि फोन माझ्या हातात दिला. बंद झालेल्या तक्रारीखाली बाबूरावचं उत्तर होतं. मराठी वाकडीतिकडी, त्यानंही फोनकडूनच करून घेतलेली. "माझी पत्नी मरण पावली आहे. मी कामाला बसू शकलो नाही. सर्वांनी बटण विचारले. तुम्ही जेवण विचारले. तुम्ही जेवण केले आहे काय?"

आबा खाली बसले. एका बोटानं बराच वेळ लिहीत राहिले. मग मला दाखवलं. "माझी बी गेली. ह्यो बदल मागं फिरत न्हाई. एकट्याला घास उतरत न्हाई, पण जेवायचं."

तोंड फिरवून मी डबा भरायला घेतला.

"डबा ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले. "आज हितंच वाढा." आणि हातपाय धुवायला मोरीकडं गेले.

बदल कुणी केला, का केला, मी विचारलं नाही. ताट घेतलं आणि आमटीत जरा जास्तीची चिंच कोळली.