आप्पांचे खुंटे

भिला आप्पा गवताला कान लावतात. नवागामच्या आमच्या शेवटच्या गल्लीमागे मोठं मोकळं मैदान आहे. होळी उलटली की रोज दुपारी ते तिथे गुडघे टेकून बसतात, डोळे मिटतात आणि वाळक्या काड्या कानाशी धरून चुरगाळतात. कुरकुर ऐकू आली की उठून जाहीर करतात, "आते हाई पेटाले तयार शे." गवतानेच त्यांना तसं कळवलेलं असतं.

आप्पा मूळचे धुळ्याकडचे. इकडे पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कापड रंगवण्यात उभा जन्म गेला. आता चार बकऱ्या आहेत आणि वेळच वेळ. पूर्वी दरवर्षी कुणाच्या तरी विडीने मैदान पेटायचं आणि आम्ही बादल्या घेऊन धावायचो. बकऱ्या आल्या आणि धावपळ थांबली. प्रत्येकीला एक खुंटा, एक लांब दोर. दोर पुरेल तेवढं गोल गवत बकरी फस्त करते, पण मुळाला तोंड लागायच्या आत आप्पा खुंटा हलवतात. पावसाळ्यात तिथलंच गवत सगळ्यात दाट येईल, असं ते सांगतात, आणि ते येतं. पिवळी दुपार, मिलचा धूसर धूर, गवतात सावकाश सरकणाऱ्या चार पाठी... रातपाळीच्या आधी दुपारी मी खिडकीत बसलो की हे बघता बघताच झोप लागते.

यंदा मात्र आप्पांनी घोळ घातला. घरांच्या भिंतीलगतचं गवत तसंच ठेवून त्यांनी खुंटे ठोकले ते थेट मैदानाच्या मधोमध. आम्ही गल्लीवाले भांडलो. म्हाताऱ्याला घर आणि रान यातला फरक कळेनासा झालाय, असं माझी बायको त्यांच्या तोंडावर म्हणाली. आप्पांनी मधलं काम उरकलंच. शेवटी एकदाचे खुंटे भिंतीकडे आले. भिंतीजवळचं गवत संपलं आणि दुसऱ्याच दुपारी मैदान पेटलं.

आग भिंतीपासून वीस पावलांवर आली, पुढे खायला काही मिळेना, तशी बसली. आमच्या बादल्या भरलेल्या तशाच राहिल्या. आप्पांना नको ते बोलल्याची मला लाज वाटली.

संध्याकाळी आभार मानायला गेलो, तर आप्पा राखेत उभे होते. सगळं मैदान काळं, आणि मधोमध खाटेएवढा पिवळ्या गवताचा तुकडा जसाच्या तसा. त्याच्याभोवती बकऱ्यांनी खाऊन साफ केलेलं रुंद रिंगण होतं. आप्पांनी मला हातानेच थांबवलं. गवताच्या बुडाशी तितराची मादी बसली होती. धुराने उडून गेली असणार, पण अंड्यांवर परत आली होती.

"म्हणजे आधी हिचं घर, मग आमचं?" मी हळूच विचारलं.

आप्पा ओशाळले. त्यांची बायको जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून खोलीत ते एकटेच असतात.

"सकायमा ती आवाज देस," ते तितराकडे बघत म्हणाले, "तवय मी उठस. माले उठाडाले घरमा कोन शे?"