विनायककाकांची बॅटरी

आमच्या बरकतपुऱ्यातले विनायककाका कोणाला नमस्कार करत नसत. "मान वर करा जरा," म्हणत आणि खिशातली छोटी बॅटरी काढून थेट समोरच्याच्या नाकात उजेड पाडत. पोस्टमन सुटला नाही, भाजीवाली सुटली नाही. मला पाहायला मुलगा आला तेव्हा शेजारधर्म म्हणून काकाही आले आणि चहा यायच्या आत त्यांनी मुलाचं नाक तपासलं. "हौ, पडदा शाबूत आहे. परेशान होऊ नका, द्या पोरगी!" धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. लग्न मात्र ठरलं.

काका एका रंगाच्या कारखान्यात हवा मोजत. कामगाराच्या कॉलरला फिल्टर लावायचा, पंपाने हवा ओढायची आणि फिल्टरवर बसलेल्या धुळीतलं क्रोम कोणत्या रूपातलं आहे ते शोधायचं. "दोन भाऊ आहेत बघ," ते मला समजावत. "तीन नंबरचा गरीब गाय. सहा नंबरचा हरामी, नाकाचा पडदाच खाऊन टाकतो." सहाचा रंग पिवळा, म्हणून घरातल्या हळदीकडेही ते संशयाने बघत. "तीन का सहा?"

त्यांचे धाकटे भाऊ मधूकाका त्याच कारखान्यात रंग दळायला होते. बाजार खुला झाला, परदेशी ऑर्डरी आल्या, दळण रात्रंदिवस चालू झालं. मधूकाकांच्या कॉलरवरचा फिल्टर लगेच सोड्याच्या पाण्यात घालायला हवा होता. पण दसऱ्याच्या घाईत काकांनी तो तसाच ड्रॉवरमध्ये टाकला. पडून राहिलं की सहाचं हळूहळू तीन होतं. सुट्टीनंतर तपासलं, तर विष नावालाही नाही. काकांनी खुशीत अहवालावर सही ठोकली आणि मधूकाकांना सांगितलं, "बिनधास्त काम कर."

पुढे मधूकाकांच्या नाकाच्या पडद्याला भोक पडलं. आता ते बोलताना नाकातून बारीक शीळ वाजते. दर रविवारी ते येतात आणि त्या दिवशी काकांची बॅटरी खिशातून बाहेर येत नाही.

परवा मी माहेरी आले होते, म्हणून काकांना भेटायला गेले. मधूकाका खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले होते.

"दादा, साऱ्या गल्लीचं बघतोस. माझं कधी बघणार?" म्हणत त्यांनी मान वर केली.

काकांनी बॅटरी लावली खरी, पण उजेड स्वतःच्याच चपलांवर पडला. "शरम वाटते रे, मधू."

मधूकाकांनी त्यांचं मनगट धरून उजेड आपल्या नाकापर्यंत नेला. काकांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.