चंपा जेवली काय?

आमच्या बिल्डिंगमधल्या दत्ता सावंतांना आग ओकणारा ड्रॅगन चालायचा, बोलणारी झाडं चालायची, मेलेला राजा उठून लढाईला निघालेलाही चालायचा. बिनचाऱ्याचा हत्ती मात्र चालायचा नाही.

हे प्रकरण नव्वदीच्या सुरुवातीचं, डोंबिवली पूर्वेचं. सावंतांचा मावसभाऊ बोटीवर होता. त्याने कुठल्याशा बंदरातून एक खेळ आणून दिला. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. नुसतं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि वीस बाजूंचा फासा. एकाने गोष्ट रचत जायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतले वीर व्हायचं आणि जिथे अडेल तिथे फासा टाकायचा. आकडा मोठा आला तर फत्ते, लहान आला तर खड्ड्यात. गोष्ट रचणारे अर्थात सावंत. वीर तिघं: मी, खालच्या मजल्यावरची शुभदा आणि माझ्या ऑफिसातला संद्या. तो दर रविवारी दुपारी लोकलने दिवा स्टेशनहून यायचा.

सावंत तेव्हा चाळिशीला टेकलेले, ठाण्याला एका औषधांच्या कारखान्यात स्टोअरकीपर. लग्न राहून गेलेलं. घरात ते आणि त्यांची आई. आम्ही त्यांना दत्तादादा म्हणायचो. बिल्डिंग हत्तीवाले सावंत म्हणायची.

त्याला कारण चंपा. गोष्टीतल्या एका राजाने शुभदाच्या पराक्रमावर खूश होऊन तिला हत्तीण बक्षीस दिली. शुभदाने लगेच बारसं केलं. पुढ्यात शत्रूचा किल्ला होता, आम्हाला तर स्वर्ग दोन बोटं उरला.

"चला, दरवाजाला धडक!" संद्या ओरडला.

"धडक कसली?" दत्तादादा म्हणाले. "सकाळपासून ती जेवलीय का? हत्ती आला म्हणजे चारा आला."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. त्यापायी आमच्या वीरांनी तलवारी ठेवून आख्खी दुपार ऊस कापला. मग वाटेत नदी लागली आणि चंपा पाण्यात उतरली ती बाहेर येईना.

"अहो दादा, किल्ल्याचं काय?"

"किल्ला कुठे पळतोय? पाणी दिसलं की हत्ती डुंबणारच."

"आमच्या दिव्यात माणसाला हंडाभर पाणी मिळत नाही, आणि तुमची हत्तीण दिवसभर आंघोळ करते!"

"म्हणून तर ती दिव्याला राहत नाही," दादा शांतपणे म्हणाले.

ही हत्तीविद्या पुस्तकातली नव्हती. एकदा पुतणीच्या साखरपुड्याला पनवेलला निघालेले असताना दादांना शीळफाट्याला बसच्या खिडकीतून हत्ती दिसला. ते तिथेच उतरले आणि माहुताबरोबर गप्पा मारत चालू लागले. साखरपुडा यथासांग पार पडला. दादा संध्याकाळी घरी परतले ते, ओढ्यावरच्या पुलावर पाय टाकण्याआधी हत्ती सोंडेने कसा चाचपून बघतो, हे सांगतच. पुतणीच्या आईने पुढे वर्षभर त्यांच्याशी अबोला धरला.

त्याचं प्रायश्चित्त आम्ही घेतलं. पुढच्याच रविवारी चंपा लाकडी पुलावर चढेना. पलीकडे ड्रॅगन गाव जाळतोय, गावकरी बोंब मारतायत, आणि अलीकडे आम्ही हत्तिणीची समजूत काढतोय.

"विकून टाका रे तिला," संद्या कपाळाला हात लावून म्हणाला. पुढे हे त्याचं दर रविवारचं पालुपद झालं.

दादांचं दुसरं वाक्य होतं, "फासा पडला की पडला." त्यात दयामाया नाही. वर्षभर जपलेला माझा तलवारबहाद्दर विहिरीच्या पायरीवरून घसरून मेला. पुन्हा एकदा टाकू द्या म्हणून मी किती गयावया केली! "पडला की पडला. चहा घे," दादा म्हणाले. फासा घरंगळत खाटेखाली गेला तर ते टॉर्च घेऊन पोटावर झोपायचे आणि आकडा स्वतः बघायचे. शेवटी स्टोअरकीपर, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय माल आत घेणार नाही.

आतल्या खोलीत त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. कुडाळकडची म्हातारी, कान तिखट. खेळातलं तिला ओ का ठो कळत नव्हतं, पण चंपाचा घोर लागलेला. ऐन लढाईत आतून आवाज यायचा, "दत्ता, चंपा जेवली काय रे?"

"जेवली, आये."

मग दादा लढाई तशीच टाकून तिला पेज भरवायला जायचे आणि आतून ठरलेली तक्रार यायची, "मीठ घालूक इसारलस काय रे?" मीठ घातलेलं असायचं. पण तक्रार केल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे.

एका रविवारी दादांनी जाहीर केलं की चंपा आता म्हातारी झाली. हत्तीच्या दाढा झिजतात, नव्या येतात, पण शेवटच्या झिजल्या की चारा समोर असून चावता येत नाही.

"मग काय करायचं?" शुभदाने विचारलं.

"पाणथळीतलं मऊ गवत शोधायचं. आणि फासा टाकून बघायचं, पोटात जातंय का."

दिवाळीनंतर दादांच्या आईने अन्न सोडलं. बोलणंही सोडलं. त्या रविवारी सकाळी डॉक्टर म्हणाले, आज पोटात काही गेलं तर ठीक, नाहीतर उद्या हॉस्पिटल. तिथून आपली आई परत येणार नाही, अशी दादांना धास्ती. आम्ही दारातूनच म्हणालो, आज खेळ नको.

"बसा रे," दादा म्हणाले. "घर फार गप्प झालंय." मला फार वाईट वाटलं.

बसलो. चंपा पाणथळीत पोचलेली. दादांच्या शेजारी पेजेची वाटी, जशीच्या तशी परत आलेली. त्यांनी फासा हातात घेतला, घोळवला आणि संद्यापुढे धरला. "तू टाक."

संद्याने टाकला. फासा टेबलावरून उडाला आणि खाटेखाली गेला. संद्या वाकला, त्याच्याबरोबर मीही वाकलो. फाशावर तीन होते.

"एकोणीस!" संद्या म्हणाला.

दादांनी सवयीने टॉर्च उचलला. आमच्या तोंडांकडे पाहिलं. मग टॉर्च खाली ठेवला. ते वाकले नाहीत.

"एकोणीस म्हणजे जेवली."

"पोटभर," शुभदा म्हणाली.

दादा पेज पुन्हा कोमट करून आत गेले. "आये गो," आम्हाला ऐकू आलं, "चंपा जेवली."

बराच वेळ काहीच नाही. मग चमचा वाटीला लागल्याचा आवाज. आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळत होतो.

"मीठ घालूक इसारलस काय रे?"

आवाज खोल गेलेला, पण तक्रार शाबूत. आम्ही तिघंही एकदम हसलो. शुभदाने ओढणीने डोळे पुसले. आणि चंपाला दर रविवारी विकायला निघालेला संद्या उठला, ओट्यावरची मिठाची बरणी घेतली आणि आत गेला.