काकांच्या कार्डाची बारी

हरिराम रहांगडाले, निवृत्त कालवा निरीक्षक. हे नाव सगळ्यात आधी लिहून ठेवतो, कारण पुढं जे सांगणार आहे ते या माणसामुळं घडलं, आणि सांगायच्या भरात मी नेमकं महत्त्वाचंच विसरतो. मी नववीतून शाळा सोडलेला माणूस, सांगोल्याकडचा. मोबाईलच्या टॉवरचा जनरेटर सांभाळायचं काम मिळालं म्हणून गोंदिया जिल्ह्याच्या टोकाला, प्रतापगडाच्या बाजूच्या एका गावात येऊन पडलो. टॉवर या हरिराम काकांच्या शेतात होता. पहिल्या रात्री मी टॉवरखालच्या पत्र्याच्या खोलीत पथारी टाकली, तर काका सकाळी येऊन म्हणाले, "मशीन राहते तिथं माणूस राहते का?" आणि माझी वळकटी स्वतःच्या सायकलवर टाकून घरी घेऊन गेले. मागची खोली मला दिली. तिथं मी अजून आहे.

काकांच्या शर्टाच्या खिशात कायम एक क्रेडिट कार्ड असायचं. ही गोष्ट दोन हजार दहा-बाराच्या सुमाराची. आमच्या गावात कार्ड घेणारं एकही दुकान नव्हतं. किराणावाल्यानं तर ते उलटंपालटं करून, वीज बिल भरल्याची ही नवी पावती का, असं विचारलं होतं. तरी काका धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात उतरताना सुद्धा कार्ड खिशात ठेवायचे. त्यावर प्लास्टिकची पिशवी, पिशवीवर रबरबँड. कुणी हसलं तर म्हणायचे, "बारी कवा येईल, सांगता येते का?"

ही बारी त्यांच्या नोकरीतून आलेली. इटियाडोह धरणाच्या कालव्यावर त्यांची सगळी हयात गेली. कुणाच्या बांधीला किती वाजता पाणी, किती वेळ पाणी, हे ठरवायचं त्यांचं काम. आपल्या बारीला जो झोपला, त्याचं पाणी पुढं गेलं. त्यामुळं 'बारी सोडाची नाही' हा काकांचा पहिला नियम. दुसरा नियम त्याहून कडक. पाणी द्यायला सुरुवात करायची ती कालव्याच्या शेवटच्या बांधीपासून. "वरचा शेतकरी तसाही पिऊन घेते," ते म्हणायचे. "टेलच्या माणसाले आधी दे, नाही त त्याच्यापर्यंत काही पोचत नाही." या नियमापायी त्यांनी गावातल्या वजनदार लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, आणि त्या शिव्या ते अजून नावानिशी, हौसेनं सांगायचे.

कार्ड त्यांच्या मुलाचं, प्रमोदचं. तो बंगलोरला मोठ्या नोकरीत, सारखा विमानानं फिरणारा. प्रवास करणाऱ्यांसाठी बँकेनं त्याला ते दिलं, आणि त्यावरच त्यानं वडिलांच्या नावाचं दुसरं काढून पोस्टानं पाठवलं. त्यावर वर्षातून एक रात्र यादीतल्या कुठल्याही हॉटेलात फुकट. दोन माणसं, सकाळचा नाश्ता, आणि दुसऱ्या दिवशी चार वाजेपर्यंत खोली आपली. यादीतलं सगळ्यात जवळचं हॉटेल नागपुरात होतं. काकू हे कार्ड यायच्या आधीच गेल्या होत्या.

कार्डाबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका काकांनी शंभर पानी वहीत मराठीत उतरवली. मराठी म्हणजे सरकारी. 'सदर लाभ कार्डधारकाने स्वतः उपस्थित राहून घ्यावयाचा आहे. खोलीत दोनपेक्षा अधिक व्यक्तींस रात्री राहता येणार नाही.' ही दोन वाक्यं मला पाठ आहेत. त्यांचं पुढं काम पडतं.

पहिल्या वर्षी ते मला घेऊन गेले. माझ्यावरचा लोभ वगैरे काही नाही. दोन नाश्त्यांपैकी एक वाया गेला असता म्हणून. मी तसल्या हॉटेलात कधी पाऊल टाकलं नव्हतं. काचेच्या दारातून आत जाताना आपल्याला कुणीतरी हटकणार, या भीतीनं मी दाराशीच घुटमळलो. काका मात्र कालव्याच्या तपासणीला निघाल्यासारखे आत गेले. वही उघडून काउंटरवरच्या मुलीला म्हणाले की उपलब्धतेनुसार वरच्या दर्जाची खोली द्यावी असं कलम आहे, तरी कृपया उपलब्धता दाखवावी. ती बिचारी हसली. काका हसले नाहीत. शेवटी तिनं संगणकाचा पडदा त्यांच्याकडं वळवला, काकांनी चष्मा लावून एकेक मजला तपासला, आणि आम्हाला सातव्या मजल्यावर टबवाली खोली मिळाली.

टबात ते बसले नाहीत. नळ सोडला आणि हातातल्या घड्याळावर तो भरायला किती वेळ लागतो ते मोजलं. मग मला म्हणाले, "प्रेशर नाही बाबू. टेलले पाणी पोचूनच नाही राहिलं." आणि हॉटेलच्या कोऱ्या कागदावर, हॉटेलच्याच पेनानं, मॅनेजरला तीन मुद्द्यांचा अर्ज लिहिला. मॅनेजर स्वतः वर आला. त्यानंतर तिथं काकांना सगळे साहेब म्हणायला लागले.

खोलीत एक छोटी डबी होती, सुई, दोरा आणि दोन बटणांची. काकांना वहीमुळं तिचा आधीच पत्ता होता. वर्षभरात बटण तुटलेले तीन शर्ट ते पिशवीत घालून आले होते. गादीवर मांडी घालून एकेक बटण लावलं. कपाटात इस्त्री होती, म्हणून शेजारच्या घरातल्या दोन साड्याही आणल्या होत्या. सकाळचा नाश्ता साडेसात ते साडेदहा, म्हणून तो त्यांनी तीन आवर्तनांत केला. आधी इडली, मग अर्धा तास विश्रांती. मग पोहे, विश्रांती. मग फळं. एकदम पाणी सोडलं तर बांध फुटतो, असं कारण दिलं. मी पहिल्याच आवर्तनात फुटलो होतो.

एक सवय मात्र मला कळली नाही. फुकटच्या सगळ्या गोष्टी झाल्या की काका खाली लॉबीत बसायचे आणि कार्डावर चहा मागवायचे. चहा संपला की बिस्किटं, परत कार्ड. मग पाण्याची बाटली, परत कार्ड. वेटर दर वेळी ते छोटं मशीन घेऊन यायचा आणि जाताना माझ्याकडं बघून मान हलवायचा. मी विचारलं तर म्हणाले, पॉइंट जमतेत. मग त्यांचा फोन वाजायचा आणि ते उठून खिडकीशी जायचे. मला वाटलं, कंजूष माणसाची काहीतरी खोड असणार. चारला एक मिनिट कमी असेपर्यंत आम्ही खोलीत बसलो आणि ठोक्याला किल्ली काउंटरवर ठेवली.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. लग्न गावाकडंच. रेखाला तिथंच ठेवून मी परत आलो, कारण सासऱ्यांना पोरीला इतक्या लांब पाठवायची धास्ती होती. त्यांनी कुठून कुठून ऐकलं होतं, तिकडं जंगल आहे, वाघ आहे, तिकडची भाषा कळत नाही. सहा महिने नुसते फोन चालले. शेवटी ते तयार झाले, पण अटीवर. रेखा येईल, बघेल. पटलं तर राहील, नाही तर तिसऱ्या दिवशी परत. परतीचं तिकीट त्यांनी आधीच काढून तिच्या पर्समध्ये घालून दिलं. त्या तिकिटानं माझी झोप गेली. सहा महिन्यांत मला एवढंच कळलं होतं की ही एकदा परत गेली की पुन्हा यायची नाही.

तिची गाडी संध्याकाळी नागपूरला पोचणार, आणि तिथून आमच्या बाजूची एसटी सकाळी. मी काकांना सहज बोलून गेलो की रात्र स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये काढू. काका धान पाखडत होते. सूप खाली ठेवून बघतच राहिले.

"नवी सून बाकावर झोपवशीन? काऊन गा, तुले काही अक्कल?"

वही आली. त्या वर्षाची रात्र अजून शिल्लक होती. मी म्हटलं, काका, ती तुमची बारी आहे. ते म्हणाले, "टेलचा माणूस कोन आहे इथं? तू. सांगोल्यावरून आला, त्याच्यापुढं त नहरच नाही." मी म्हटलं, पण कार्डधारकानं स्वतः हजर पाहिजे, आणि खोलीत दोनच माणसं. त्यावरही त्यांचं उत्तर तयार होतं. ते येतील, सही करतील, आणि नागपुरात त्यांचा साळा राहतो, त्याच्याकडं झोपायला जातील. माझ्या सुट्टीचा अर्जही त्यांनीच लिहिला. तो इतका कडक होता की साहेबानं एक दिवस जास्तच दिला.

रेखा गाडीतून उतरली ती पर्स छातीशी धरून. काकांनी तिच्या हातातली पेटी घेतली. हॉटेलात तीच काउंटरवरची मुलगी होती. काकांना बघून तिनं न सांगता पडदा वळवला. सातवा मजला मिळाला. काकांनी सही केली, मला नळ कसा हळू सोडायचा ते सांगितलं, आणि साळ्याकडं जायला उशीर होतो म्हणून निघाले. वर गेल्यावर रेखानं पहिल्यांदा काय केलं असेल, तर चादर झटकून पुन्हा घातली. हॉटेलच्या चादरीवर तिचा विश्वास नव्हता. पर्स तिनं उशाखाली ठेवली. ती तिकडच्या खोलीबद्दल, पाण्याबद्दल, माणसांबद्दल विचारत होती आणि मी भीतभीत एकेक खरं सांगत होतो. ती हो पण म्हणाली नाही, नाही पण म्हणाली नाही.

सकाळी नाश्त्याला खाली आलो तर काका लॉबीत हजर. अंगात कालचाच शर्ट. त्यांना आत बोलावलं तर येईनात, नाश्ता दोघांचाच आहे म्हणाले. मग आम्हीच ताटल्या घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसलो. त्यांनी कार्डावर चहा मागवला होता. तो आला. मग त्यांनी बिस्किटं मागवली. वेटर परत मशीन आणायला गेला. तोवर रेखा त्यांच्या गालाकडं बघत होती. मीही बघितलं. डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत गोल गोल ठसे उमटले होते, एका ओळीत, सारख्या अंतरावर. स्टेशनच्या वेटिंग रूममधल्या पत्र्याच्या बाकाला तशीच भोकं असतात. आदल्या संध्याकाळी मी तिची वाट बघत त्याच बाकावर दोन तास बसलो होतो.

"काका, साळ्याकडं झोप झाली का नीट?" रेखानं विचारलं.

काकांनी गालावर हात फिरवला. "साळा रायपूरले गेला राहायले. मले आठवलंच नाही."

बिस्किटं आली, मशीन आलं, कार्ड घासलं गेलं. रेखाला मनात काही ठेवता येत नाही, हे मला तेव्हा नवीन होतं. तिनं सरळ विचारलं, की काका, चहा-बिस्किटं एकदमच का मागवत नाही, त्या पोराला किती हेलपाटे.

काकांनी बिस्किट चहात बुडवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "एकदम मागवलं त एकच मेसेज जाते ना, बाई."

मला कळलं नाही. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. या वेळी ते उठून खिडकीशी गेले नाहीत.

"हाव, प्रमोद. हाव, मीच होतो. चहा पेलो... बिस्किटं पन... तब्येत चांगली आहे... नाही गा, एकटा कायले राहीन? पोरगा-सून आहेत ना संगं."

मी ताटलीत बघत राहिलो. कार्ड घासलं की मेसेज प्रमोदच्या फोनवर जायचा आणि तो विचारायला फोन करायचा, बाबा, तुम्हीच वापरलं ना. एक मेसेज, एक फोन. चहाचा वेगळा, बिस्किटांचा वेगळा, पाण्याच्या बाटलीचा वेगळा. गावात कार्ड चालत नव्हतं. वर्षातून एक दिवस चालायचं. आणि त्या दिवसातली रात्र त्यांनी मला देऊन टाकली होती.

काकांनी फोन खिशात ठेवला. रेखानं पर्स उघडली, चार घड्यांचं ते तिकीट काढलं आणि त्यांच्यापुढं टेबलावर पसरलं.

"काका, हे रद्द करायचं असलं तर किती तास आधी करावं लागतं?"

काका एकदम ताठ बसले. चष्मा लावला. तिकीट उलटं करून मागचा बारीक मजकूर बोटानं ओळ धरून वाचला. मग घड्याळ बघितलं. "टाइम आहे अजून," ते म्हणाले, "पन बारी सोडाची नाही." उरलेली बिस्किटं कागदात बांधून खिशात घातली आणि स्टेशनच्या खिडकीवर ते स्वतःच गेले. जाताना मला बजावलं, की चार वाजेपर्यंत खोली तुमची आहे, एसटीच्या घाईनं आधी सोडली तर याद राख. आम्ही सोडली नाही. चारनंतरची गाडी धरून रात्री गावात पोचलो तेव्हा टॉवरचा लाल दिवा लागला होता. रेखा त्याच्याकडं बघत म्हणाली, चला, निदान वाट तरी चुकायची नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. रेखा काकांची बोली माझ्यापेक्षा चांगली बोलते आणि त्यांच्याशी भांडते सुद्धा. माझ्याकडं अजून असलं कार्ड नाही. नववी शिकलेल्या माणसाला बँक ते कधी देईल, माहीत नाही. पण ज्या दिवशी देईल, त्या दिवशी मी त्यावर दुसरं कार्ड काढीन, हरिराम रहांगडाले या नावाचं. काका नागपूरला जातील, चहा मागवतील, बिस्किटं वेगळी मागवतील. मेसेज माझ्या फोनवर येईल. मी जनरेटरवर असलो तरी हात पुसून लगेच फोन करीन. दर मेसेजला करीन, पाण्याच्या बाटलीच्या सुद्धा.