बापूंचे साहेब

आमच्या सावेडीतले बापू गायके रोज सकाळी कुणाला तरी गाठून आपल्या साहेबांची गोष्ट सांगतात. "आमचे साहेब गवंड्याच्या हाताखाली चुना कालवून शिकले." "पहिला पूल वाहून गेला, तर साहेब तीन दिवस जेवले नाहीत." माझी बायको एकदा म्हणाली, "बापू, त्यांना जेवायला घेऊन या की." बापू गंभीरपणे म्हणाले, "सूनबाई, त्यांना जाऊन पावणेदोनशे वर्षं झाली."

साहेब इंग्रज. तिकडे विलायतेत कालवे नि पूल बांधणारे. बापू बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. रद्दीत मिळालेल्या एका बिनकव्हरच्या पुस्तकात दोघांची गाठ पडली, ती सुटलीच नाही. सोसायटीची टाकी गळली की लोक प्लंबरला फोन करतात, बापू साहेबांचं मत सांगतात, "पाण्याशी भांडू नका, त्याला वाट द्या." लग्नात मांडवाचे खांब हलवून बघतात नि म्हणतात, "साहेबांनी हे पास केलं नसतं." स्वतः काय बांधलं, हे विचारलं की मात्र विषय बदलतात.

गेल्या हिवाळ्यात ते म्हणाले, "श्रीगोंद्याकडे येता का? ओढ्यावरचा एक पूल पाडतायत. रस्ता रुंद होतोय."

मी गाडी काढली. उसाच्या ट्रॉल्यांमागून रखडत पोचलो, तर जेसीबी येऊन उभाच होता. बापू काठी टेकत ओढ्यात उतरले आणि कमानीच्या दगडावर तळहात ठेवून उभे राहिले. शेजारच्या रानातून एक म्हातारी आली. निरखून म्हणाली, "तुमी ते पुलावरचं ववरशेर सायेब न्हाई का? दोन पावसाळं हितंच तंबूत हुता."

"व्हय," बापू म्हणाले.

"पूल नव्हता तवा माझी जाऊ बाळंतपनात अडली. वढ्याला पानी, पल्याड नेता आली न्हाई, गेली. माझी तिन्ही लेकरं मातुर दवाखान्यात झाली."

"बांधला गवंड्यांनी. मी नुसता उभा होतो."

"उभं तरी कोन ऱ्हातंय," म्हातारी म्हणाली आणि खुरपं घेऊन परत गेली.

येताना बापूंनी साहेबांचं नावही काढलं नाही. त्यांच्या दाराशी गाडी थांबवली तरी उतरेनात.

"ते दोन पावसाळे आमच्या हिने एकटीने घर ओढलं," ते म्हणाले. "आज असती तर सांगितलं असतं, ती बाई काय म्हणाली ते." मग म्हणाले, "तुमच्याकडे बसू का थोडा वेळ?"

बायकोने चहा टाकला. बापू स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची ओढून बसले आणि तिला सगळं सांगू लागले, पायाचा पहिला दगड बसवला त्या दिवसापासून.