पहिल्या नंबरावर ससोबा

वर्ष संपत आलं की गेमिंग कन्सोल आपल्या मालकाला वर्षभराचा हिशेब दाखवतो. कोणता गेम किती खेळलात, कुठे किती वेळा मेलात, सगळं. तपासनीस मोबाईलचा कॅमेरा सरसावून सोफ्यावर बसला होता. पडद्यावर पहिल्या नंबराला त्याचं लाडकं 'राखेचं साम्राज्य' झळकलं की फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा, एवढंच काम उरलं होतं. तुताऱ्या वाजल्या, रंगीत कागद उडाले आणि पडद्यावर पांढरा कोट घातलेला एक ससा आला.

'ससोबांचा दातांचा दवाखाना! तीनशेहून जास्त तास! शाब्बास, डॉक्टर!'

"मी नाही खेळलो," तपासनीस रिकाम्या खोलीला म्हणाला.

'राखेचं साम्राज्य' दुसऱ्या नंबरावर होतं, आणि तेही मान खाली घालून उभं राहावं इतकं मागे.

तपासनीस एका मोठ्या गोदामात मालाची तपासणी करायचा. कोणत्या खोक्यातला कोणता डबा कोणी लांबवला हे त्याला खोक्याकडे बघून कळतं, असा त्याचा लौकिक होता. निदान तो स्वतः तसं सांगायचा. कॉलेजच्या पाच मित्रांचा त्याचा एक ग्रुप होता. दर वर्षअखेरीला प्रत्येकाने आपल्या आवडत्या गेम्सची क्रमवारी लावायची, मग भांडायचं आणि शेवटी पंच सांगेल तो 'वर्षाचा गेम' मानायचा, असा रिवाज. पंच होता लंबू. चष्म्याच्या दुकानात काम करणारा, उंच आणि भिडस्त. गेल्या वर्षी तपासनीसाने नियम काढला, की क्रमवारीसोबत कन्सोलच्या हिशेबाचा फोटो हवाच. न खेळता बढाया मारणं बंद!

नियमाचा पहिला बळी लंबूच ठरला. त्याच्या फोटोत पहिल्या नंबरावर 'बदकांची भाजी मंडई' निघाली. "अरे, सासूबाई खेळतात माझ्या खात्यावरून," लंबू काकुळतीला येऊन सांगत होता. त्यावर तपासनीसाने लिहिलं होतं, "बदकं सासूबाईंची आणि पंचपद तुझं? पुरावा बोलतो, जावई नाही." सगळे पोट धरून हसले. पंचपद तपासनीसाकडे आलं. वर्षभर तो ते मिरवत होता, आणि ते गेलं तर गोदामात डबे मोजण्यापलीकडे आपल्याला कोण विचारतो, ही भीती त्याला आतून होती.

क्रमवारी द्यायला चार दिवस उरले होते. चोर घरातच होता.

घरात माणसं तीन. तो, बायको आणि सासरे. बायको जलतरण तलावावर पोहायला शिकवायची आणि संध्याकाळी ओले केस घेऊन घरी यायची. सासरे दातांचे डॉक्टर. गेल्या वर्षी हात थरथरायला लागला म्हणून त्यांनी दवाखाना बंद केला आणि लेकीकडे राहायला आले. गेम या प्रकाराबद्दल त्यांचं मत पहिल्याच दिवशी जाहीर झालं होतं. "डोळ्यांचं वाटोळं, बुद्धीचं वाटोळं." त्यामुळे संशय सरळ बायकोवर गेला.

"तू सशांचे दात काढतेस का?" त्याने जेवताना विचारलं.

बायकोचा घास हातातच राहिला. "मी दिवसभर लोकांच्या पोरांना पाण्याबाहेर काढते. मला सशांसाठी वेळ आहे?"

"मग कोण काढतं?"

"बाबा, पाणी घ्या," बायको म्हणाली.

सासऱ्यांना ठसका लागला होता. "सशांचे दात? हॅ! पोरखेळ!" ते म्हणाले, आणि ताट उचलून आत गेले.

पाणी कुठेतरी मुरत होतं. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना तपासनीसाने कंट्रोलरवर टाल्कम पावडर भुरभुरवली. गोदामात त्याने असाच एकदा चोर पकडला होता. संध्याकाळी ज्याच्या बोटांना पावडर, तो चोर.

संध्याकाळी बायकोच्या बाहीला पावडर होती. सासऱ्यांच्या चष्म्याला होती. फ्रिजला होती, टीव्हीला होती, दाराच्या कडीला होती आणि खुद्द तपासनीसाच्या हेल्मेटलाही होती.

"कंट्रोलरवर कुणीतरी पावडर सांडली होती," बायको म्हणाली. "फडक्याने पुसली. फडकं हातात होतंच, म्हणून बाकीचं घरही पुसून काढलं." मग तिने डोळे बारीक केले. "पण काय रे, तू कंट्रोलरला पावडर का लावतोस?"

"हात घसरतो."

"पावडर लावल्यावर जास्त घसरेल ना?"

आता घरात संशय घेणारे दोघे झाले. तपासनीसाने रात्री गुपचूप कन्सोलला पासवर्ड घातला. त्याचा परिणाम मात्र ताबडतोब दिसला. दुसऱ्या संध्याकाळी सासरे जेवले नाहीत. खिडकीशी बसून स्वतःशीच म्हणाले, "दवाखाना असा अचानक बंद ठेवला की पेशंट दुसरीकडे जातात." तपासनीसाला वाईट वाटलं. म्हाताऱ्याला जुने दिवस आठवत असतील.

"सहज विचारते हं," बायको म्हणाली, "कन्सोलला कुलूप का घातलंस?"

"कुलूप घातलंय हे तुला कसं कळलं?"

"पुसताना कळलं."

"पुसताना बटण दाबलं जातं?"

"नीट पुसलं तर जातं!" असं म्हणून ती उठून गेली. चोराच्या उलट्या बोंबा, असं तपासनीसाने मनात पक्कं केलं.

शेवटच्या दिवशी त्याने पासवर्ड काढला, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दुपारी घर रिकामं असताना येऊन हॉलच्या पडद्यामागे उभा राहिला. लॅच उघडल्याचा आवाज आला. पावलं दारात थबकली. मग ती सरळ आतल्या खोलीत गेली आणि खाट करकरली. सासरे फिरून येऊन आडवे झाले असावेत. त्यानंतर काहीच घडलं नाही. संध्याकाळ होत आली तरी चोर येईना, आणि तपासनीसाच्या पायाला मुंग्या आल्या.

निदान गुन्ह्याची जागा तरी पाहून घ्यावी, म्हणून तो पडद्याबाहेर आला आणि आवाज बंद करून त्याने दवाखाना उघडला. बाहेर बाकड्यांवर गालाला फडकी बांधलेले ससे दाटीवाटीने बसले होते. कुलपाच्या काळात सगळे खोळंबले होते. एक म्हातारी सशीण तर डोळ्यांतून टपाटपा पाणी गाळत होती. तपासनीस कठोर माणूस होता, पण इतकाही नाही.

"एवढी आजी तेवढी बघतो," तो पुटपुटला.

आजीनंतर एक पोलीस ससा आला. मग एक नवरी आली, तिचं लग्न तासाभरावर होतं. तपासनीस सोफ्याच्या कडेला सरकला. त्याची जीभ बाहेर आली. नवरीच्या जबड्यात चिमटा घालून तो बटण दाबणार, तोच मागून आवाज कडाडला.

"अहो, ती नाही! डावीकडची! चांगली दाढ उपटताय तुम्ही!"

चिमटा बसला. नवरीची चांगली दाढ बाहेर आली. मागे सासरे उभे होते, बनियनवर, चष्मा कपाळावर.

"काय केलंत हे, जावईबापू? तीन आठवडे ट्रीटमेंट चालू होती तिची!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"बाबा, तुम्ही?"

"आणि तुम्ही?" सासरे म्हणाले. "बाहेर तुमचे बूट दिसले, म्हणून मी मुकाट्याने जाऊन पडलो. पण हे आतून बघवेना हो!" मग ते सोफ्यावर बसले आणि आपला उजवा हात त्यांनी डाव्या हातात धरला. "खऱ्या पेशंटच्या तोंडात हा हात घालायची हिंमत नाही राहिली. ससे काही म्हणत नाहीत. बटण दाबायला हात थोडा हलला तरी चालतो. पहिल्या दिवशी एवढं बोलून बसलो होतो, मग सांगू कसं तुम्हाला?"

तपासनीसाला लाज वाटली. पावडरीची वाटली, पासवर्डाची तर फारच वाटली. तेवढ्यात बायको ओले केस घेऊन दारात उभी राहिली.

"सापडलात एकदाचे," ती म्हणाली.

"कोण?"

"दोघंही."

आता क्रमवारीचं काय? सासरे म्हणाले, "मी माझ्या लेटरहेडवर लिहून देतो, सही-शिक्क्यानिशी." पण सासऱ्यांच्या सहीला ग्रुपवर काय उत्तर मिळेल ते तपासनीसाला पाठ होतं. त्यानेच लिहिलं होतं ते. शिवाय म्हाताऱ्याला त्या टवाळांच्या तोंडी द्यायचं त्याच्या जिवावर आलं. आपलेच दात, आपलेच ओठ. त्याने स्वतःच्या नावाने पहिल्या नंबरावर 'ससोबांचा दातांचा दवाखाना' टाकला. शेजारी बसून सासऱ्यांनी मजकूर सांगितला, "लिहा, दाढेच्या मुळांचं काम अतिशय अभ्यासपूर्ण." आणि फोटो गेला.

ग्रुपवर हसण्याचा महापूर आला. कुणी गाजरं पाठवली, कुणी ससे पाठवले. लंबूला पंचपद एकमताने परत मिळालं. तपासनीसाने मोबाईल पालथा घालून ठेवला.

थोड्या वेळाने मोबाईल पुन्हा वाजला. ग्रुपवर नाही, लंबूचा खासगी निरोप होता. एकच शब्द.

"सासरे?"

तपासनीसाने पुष्कळ विचार केला आणि लिहिलं, "हो. आणि गेल्या वर्षीचं सॉरी."

आता लंबू पुरावा मागणार, म्हणून तो वाट बघत राहिला. लंबूने पुरावा मागितला नाही.

"आमच्या सासूबाई बदकं सोडून सशांवर आल्यात," त्याने लिहिलं. "आठवडाभर एक अक्कलदाढ निघत नाहीये. घरात कुणाला जेवू देत नाहीत. विचारतायत, डॉक्टर किती वाजता बसतात?"

तपासनीसाने निरोप मोठ्याने वाचून दाखवला. सासऱ्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि बनियनवर शर्ट चढवला.

"पाच ते आठ," ते म्हणाले. "आणि त्यांना सांगा, आधी फोन करून नंबर लावायचा. बाहेर फार गर्दी आहे."